रतीब ते रिवॉर्ड पॉइंट : ग्राहक-निष्ठा योजनांचा आढावा

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असायचं. आई त्यावरच दुधाचा हिशेब ठेवायची. रोजचं एक लिटर ठरलेलं, त्यामुळे ते लिहायची गरज नव्हती. पाहुणे आले की त्या तारखेच्या चौकोनात 'अर्धा जास्त' आणि आम्ही गावाला गेलो की तेवढ्या चौकोनांवर फुल्या. फुली म्हणजे खाडा. महिनाअखेरीला दूधवाले काका यायचे. आई चौकोन मोजायची, काका आपल्या वहीतले खाडे मोजायचे आणि आकडे जुळले की पैसे चुकते व्हायचे. कधी एखाद्या खाड्यावरून दोघांचं जमलं नाही, तर काका बहुतेक वेळा आईचा आकडा मान्य करायचे. एका लिटरच्या पैशांपेक्षा वर्षानुवर्षं चाललेला रतीब त्यांना मोलाचा वाटायचा.

आज दुकानाच्या काउंटरवर मोबाइल नंबर सांगितला की 'पॉइंट जमा झाले' असा मेसेज येतो. सुपरमार्केटचं कार्ड, विमान कंपनीचे माइल्स, सराफाची मासिक योजना, जेवण मागवायच्या अ‍ॅपचं सदस्यत्व, पेट्रोल पंपाचे पॉइंट असं बरंच काही एका मध्यमवर्गीय घराच्या खिशात आणि फोनमध्ये असतं. या सगळ्यांना उद्योगजगतात लॉयल्टी प्रोग्रॅम म्हणतात. त्यातल्या टिकलेल्या आणि कोसळलेल्या योजना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. गिऱ्हाइकाला दिलेला फायदा येतो कुठून? आणि गिऱ्हाइकाला थांबायचं असेल, तर योजना खाडा धरते का? बाकीची सगळी रचना या दोन उत्तरांवर उभी असते.

एकजुटीतून आलेला फायदा

फायद्याचा पहिला झरा म्हणजे एकजूट. या योजनांचा सगळ्यात प्रामाणिक पूर्वज इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये सापडतो. १८४४ साली तिथल्या विणकर आणि कारागिरांनी वर्गणी काढून सहकारी दुकान उघडलं. उरलेली शिल्लक सभासदांना वाटायची, पण ती भांडवलाच्या प्रमाणात नाही, खरेदीच्या प्रमाणात. ज्याने जास्त पीठ-लोणी नेलं, त्याला जास्त परतावा. पुढे शंभर वर्षं ब्रिटनमधल्या कामगार घरांत या 'डिव्ही'वर मुलांचे बूट आणि नाताळची खरेदी होत राहिली. फायदा कुठून आला, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मधला नफा वाचला आणि तो ज्यांच्यामुळे वाचला, त्यांच्याकडेच परत गेला.

मुंबईला हा विचार परका नाही. १९४८ साली नायगावात, गिरणगावाच्या वस्तीत, 'अपना बाजार' उभा राहिला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. तिथे दुकानच नाही. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल ठोक भावाने येतो आणि सभासद आपापसात वाटून घेतात. ज्या घरांनी हे केलंय, त्यांना वाटपाचा दिवस आठवत असेल: कुणाच्या तरी हॉलमध्ये गोणी आणि पुडे मांडलेले, एकजण यादी वाचतोय, दुसरा खुणा करतोय. सभासदाने इथे पैशांबरोबर आपला वेळही घातलेला असतो, म्हणून नातं पक्कं होतं.

हाच हिशेब अमेरिकेतल्या कॉस्टकोने प्रचंड आकारात मांडला. दारातून आत जायचं तर वार्षिक फी भरायची. आत मोजक्याच, चार हजारांच्या आतबाहेर वस्तू. बहुतेक मालावरचा नफा १४-१५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा कंपनीचा जुना दंडक. २०२४ च्या आर्थिक वर्षात सभासद फीचं उत्पन्न ४८० कोटी डॉलरच्या वर होतं, म्हणजे निव्वळ नफ्याच्या निम्म्याहून बरंच अधिक. दुकान माल विकून जगण्याऐवजी सभासदांचा विश्वास टिकवून जगतं. अमेरिका आणि कॅनडात ९० टक्क्यांहून अधिक सभासद दरवर्षी फी पुन्हा भरतात, कारण आपण काय वाचवलं ते त्यांना बिलावर दिसतं.

रिकाम्या खुर्च्या

दुसरा झरा म्हणजे एरवी वाया जाणारी जागा. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्यांमध्ये भाव पाडायची चढाओढ लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडव्हांटेज' सुरू केलं. वारंवार उडणारे प्रवासी कोण, हे शोधायला त्यांच्याकडे 'सेबर' ही संगणकीय आरक्षण यंत्रणा होती. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सही मैदानात उतरली. रिकामी उडणारी खुर्ची निष्ठावान प्रवाशाला दिली तर कंपनीचा खर्च नगण्य आणि प्रवाशाला मात्र ती मोठी भेट. या विषमतेत त्या कल्पनेचं सगळं बळ होतं.

पण विमानं भरून उडायला लागली आणि फुकट द्यायला खुर्ची उरेना. दुसरीकडे बँका आपल्या क्रेडिट कार्डांसाठी हेच माइल्स विकत घेऊ लागल्या. माइल हे खासगी चलन झालं आणि ते छापणारी कंपनीच त्याचा भाव ठरवू लागली. २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आणली, तेव्हा युनायटेड आणि डेल्टा यांनी आपापल्या निष्ठा योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरची कर्जं उभी केली. तारण म्हणून ठेवण्याइतकी ती किमती मालमत्ता झाली होती.

खासगी चलनाचा धोका एकच, छापणारा त्याचं मोल कधीही कमी करू शकतो. आधी अंतरावर मिळणारे माइल्स पुढे खर्चावर मिळू लागले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५-१६ मध्ये हा बदल केला, एअर इंडियाने २०२४ मध्ये. लांबच्या स्वस्त तिकिटावर कमावणाऱ्या प्रवाशाचा वाटा घटला आणि महागडं तिकीट काढणाऱ्याचा वाढला. २०२३ मध्ये डेल्टाने योजनेतला वरचा दर्जा मिळवायच्या अटी एकदम कडक केल्या, तेव्हा नेहमीचे प्रवासी इतके संतापले की महिन्याभरात कंपनीला काही बदल सैल करावे लागले.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. हजारो प्रवाशांना वाटलं की आपले माइल्सही गेले. पण 'जेटप्रिव्हिलेज' ही योजना वेगळ्या कंपनीत होती आणि तिच्यात एतिहाद या विमान कंपनीचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा होता. त्याच वर्षी ती 'इंटरमाइल्स' या नावाने पुढे चालू राहिली. विमान कंपनी गेली, पॉइंट उरले. मात्र ज्या विमानासाठी ते जमवले होते, तेच नव्हतं. पॉइंटचं मोल हे शेवटी ज्या वस्तूसाठी ते वापरायचे, त्या वस्तूचं मोल असतं.

नावासकट बिल

तिसरा झरा माहितीचा. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने पूर्वी खरेदीवर ग्रीन शील्ड स्टॅम्प दिले होते. गृहिणी ते पुस्तिकेत चिकटवून भांडी-चादरी घ्यायच्या. १९७७ मध्ये टेस्कोने ते बंद करून थेट भाव उतरवले. १९९५ मध्ये मात्र क्लबकार्ड आलं आणि त्याच वर्षी टेस्कोने किराण्यात सेन्सबरी या प्रतिस्पर्धी साखळीला मागे टाकलं. एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी यांच्या 'डनहम्बी' या छोट्या संस्थेने कार्डावरची बिलं वाचून दाखवली. कोणत्या घरात बाळ आलंय, कोण शाकाहारी झालंय, कोण फक्त स्वस्तातल्या वस्तू नेतंय, हे सगळं कळू लागलं. आधी दुकानदाराला फक्त गल्ल्यातला आकडा दिसायचा. आता त्या आकड्यामागचं घर दिसू लागलं.

माहितीच्या बदल्यात सवलत, हा सौदा उघड असेल तर वाईट नाही. अडचण येते ती सौदा लपला की. औषधाच्या दुकानात मागे रांग असताना नंबर विचारला, की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मी एकदा नाही म्हटलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही." मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानांना असा आग्रह धरू नका असं बजावलं होतं. त्या मुलाच्या हातात काही नव्हतं, त्याच्या स्क्रीनवर ती चौकट खरोखरच रिकामी सोडता येत नव्हती. योजना आखणाऱ्याने घेतलेला निर्णय असा थेट काउंटरवर दिसतो.

याच मार्गाने दोन भाव आले. २०१९ पासून टेस्को एकाच वस्तूवर साधा भाव आणि क्लबकार्ड भाव अशा दोन किमती लावू लागली. कार्ड नसलेला माणूस जास्त पैसे देतो. साधा भाव आधी फुगवून मग कार्डाचा भाव स्वस्त दाखवतात की काय, असा संशय होता. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने सुमारे ५० हजार वस्तू तपासल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ९२ टक्के ठिकाणी सवलत खरी आहे. हा निकाल दुकानांच्या बाजूचा आहे. पण ज्या म्हाताऱ्या बाईकडे स्मार्टफोन नाही, तिच्यासाठी तो पुरेसा नाही. सभासदाला सवलत देताना सभासद नसलेल्याला दंड होत नाही ना, हे पाहणं आखणाऱ्याचं काम आहे.

दुसऱ्याचं ताट, आपलाच पैसा

चौथा झरा धोक्याचा, कारण फायदा तिसऱ्याच्या खिशातून येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटो गोल्ड आलं. वार्षिक वर्गणी झोमॅटोला आणि एका पदार्थावर दुसरा मोफत द्यायचा हॉटेलवाल्याने. सुरुवातीला रिकामी टेबलं भरली म्हणून हॉटेलवाले खूश होते. हळूहळू तेच लोक नेहमीच्या गर्दीतही गोल्ड दाखवू लागले. पूर्ण पैसे देणारं जुनं गिऱ्हाईकही गोल्ड घेऊन आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये रेस्तराँ संघटनेने 'लॉगआउट' मोहीम काढली आणि शेकडो हॉटेलं बाहेर पडली. पुढे योजनेचं नाव बदललं, रूप बदललं, ती बंद झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्याने आली. वर्गणी घेणारा एक आणि ताट वाढणारा दुसरा असेल, तर तोटा आधी ताट वाढणाऱ्याला दिसतो.

पाचव्या झऱ्यात फायदा गिऱ्हाइकाच्याच आगाऊ पैशातून येतो. महाराष्ट्रात याचं घरोघरचं रूप म्हणजे सराफाची भिशी. लहान पुस्तिका असते, महिन्याला ठरलेला हप्ता, भरला की शिक्का. अकरा हप्ते झाले की बाराव्या महिन्यात दागिना, घडणावळीत सूट किंवा शेवटचा हप्ता सराफाकडून. मुलीच्या लग्नासाठी कित्येक आयांनी घरखर्चातून वाचवून असंच सोनं केलंय, ही या योजनेची खरी ताकद. सराफाला वर्षभर बिनव्याजी भांडवल मिळतं, त्यातला हिस्सा तो गिऱ्हाइकाला देतो.

अकरा महिनेच का, याचं उत्तर कायद्यात आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या दुकानाने मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांत मालात वळला नाही, तर २०१४ च्या नियमांनुसार तो ठेव ठरतो आणि ठेवीचे सगळे निर्बंध लागू होतात. २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदाही आला. तरीही पुस्तिका हातात असलेल्या बाईला हे ठाऊक असायला हवं की हा पैसा बँकेतल्या ठेवीसारखा विम्याने संरक्षित नाही. दुकान बुडालं तर ती रांगेत बरीच मागे उभी असते.

शिक्का पुढे सरकतो तेव्हा

योजना मनावर कसं काम करते, याचा अभ्यास भरपूर झाला आहे. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर ड्रेझ यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. गाड्या धुण्याच्या केंद्रात ३०० ग्राहकांना कार्डं दिली. निम्म्यांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड, निम्म्यांना दहा शिक्क्यांचं, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. करायचं काम दोघांनाही आठच धुलाया. कोरं कार्ड १९ टक्क्यांनी पूर्ण केलं, दोन शिक्केवालं ३४ टक्क्यांनी. त्याच वर्षी रन किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या कार्डांवर दाखवलं की बक्षीस जवळ आलं की माणूस लवकर लवकर येऊ लागतो.

ही समज कामाची आहे, पण तिची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'फ्लाय बाइज' योजनेचा बायरन शार्प आणि अ‍ॅन शार्प यांनी अभ्यास केला, तेव्हा निष्ठेत झालेली वाढ फार किरकोळ आणि विस्कळीत निघाली. त्याच वर्षी ग्रॅहम डाउलिंग आणि मार्क अंकल्स यांनीही अशा योजनांविषयीच्या दाव्यांवर शंका घेतली. बहुतेक कार्डं नेहमीच येणाऱ्या माणसांनीच घेतलेली असतात. सूट त्यांना जाते, जे सुटीशिवायही आलेच असते. दुकानाने या प्रश्नाला सामोरं गेलंच पाहिजे: हे कार्ड नसतं, तर हे गिऱ्हाईक आलं नसतं का?

फीवाल्या सदस्यत्वात मनाचा ओढा वेगळा असतो. २००५ मध्ये अ‍ॅमेझॉनने ७९ डॉलरमध्ये प्राइम सुरू केलं, भारतात ते २०१६ मध्ये ४९९ रुपयांत आलं. एकदा पैसे भरले की ते वसूल करावेसे वाटतात, म्हणून माणूस साबणसुद्धा तिथूनच मागवतो. घरपोच सेवा खरोखर उत्तम असेल, तर यात दोघांचंही भलं आहे.

बाहेरचं दार

आता दुसरा प्रश्न, खाड्याचा. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. आरोप होता की लोकांना नकळत प्राइममध्ये ओढलं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड केलं. रद्द करण्याच्या वाटेला कंपनीत 'इलियड' असं नाव होतं, ते होमरच्या महाकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलरवर तडजोड झाली, त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी.

भारतातही नियम घट्ट झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास सूचना द्यावी लागते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या रचनांची यादी दिली, त्यात वर्गणीचा सापळाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात फार महत्त्वाचं तत्त्व आहे: संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. दारं दोन्ही सारख्याच रुंदीची हवीत.

खाडा म्हणजे तरी दुसरं काय होतं? आम्ही आठ दिवस गावाला गेलो, म्हणून रतीब तुटत नव्हता आणि न घेतलेल्या दुधाचे पैसेही द्यावे लागत नव्हते. खानावळीतही आदल्या दिवशी सांगितलं की खाडा धरला जायचा. आजच्या बहुतेक सदस्यत्वांत दोनच पर्याय असतात, चालू किंवा बंद. थांबायची सोय नसल्यामुळे ज्याला महिनाभर उसंत हवी असते, तो कायमचा निघून जातो.

आखणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली, फायद्याचा झरा कागदावर लिहून काढा. एकजूट, रिकामी जागा, माहिती, तिसऱ्याचा खिसा की गिऱ्हाइकाचाच आगाऊ पैसा? हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर योजना सुरू करू नका.

दुसरी, पॉइंटचं मोल रुपयात सांगा. २०२२ मध्ये आलेल्या टाटा न्यूमध्ये एक कॉइन म्हणजे एक रुपया, ही स्पष्टता चांगली आहे. मोल बदलायचं असेल तर आधी सांगा आणि जमलेले पॉइंट जुन्या मोलाने वापरायला पुरेसा वेळ द्या.

तिसरी, दिलेला पॉइंट म्हणजे देणं आहे, हे विसरू नका. इंड-एएस ११५ या लेखा-मानकानुसार विक्रीच्या रकमेतला पॉइंटचा हिस्सा लगेच उत्पन्न म्हणून धरता येत नाही, तो बाजूला ठेवावा लागतो. लोक वापरणारच नाहीत, या भरवशावर आखलेली योजना गिऱ्हाइकाच्या विसराळूपणावर जगते.

चौथी, खाडा ठेवा. थांबवण्याचं बटण पहिल्याच पानावर, नंबर न देताही बिल, आणि सोडणाऱ्याला एका पायरीत निरोप.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला यातलं बरंच काही शिकवावं लागत नाही. जुनं गिऱ्हाईक आलं की तो गूळ आधी चाखायला देतो, पैसे कमी पडले तर 'उद्या द्या' म्हणतो, आणि खराब निघालेली डाळ काही न विचारता बदलून देतो. त्याच्याकडे कार्ड नाही, पण गिऱ्हाईक जोडणं आणि गिऱ्हाईक बांधून ठेवणं यातला फरक त्याला पक्का ठाऊक आहे. मोठ्या कंपन्यांतल्या आखणाऱ्यांनी एकदा त्याच्या दुकानात तासभर उभं राहून पाहावं.

आणि वाचकांना एक विनंती. आज रात्री फोन उघडून आपापली सदस्यत्वं मोजा. प्रत्येकापुढे लिहा, गेल्या वर्षी वर्गणी किती भरली आणि खरोखर काय मिळालं. ज्याचं उत्तर देता येत नाही, तिथे त्या चौकोनावर फुली मारा.